इतिहासाची पदवी हातात येण्याआधी

तिसऱ्या वर्षाला पोचलात की घरचे, शेजारचे सगळे विचारतात, "इतिहास घेऊन पुढे काय करणार?" पदांची नावं पाठ करून याचं उत्तर मिळत नाही. ते काम चालतं कसं, ते आधी डोळ्यांनी बघून या.

सुरुवात पणजीच्या पुराभिलेखागारापासून करा. 1595 पासून चालत आलेलं हे दफ्तर, पोर्तुगीज कागदांबरोबर मोडीतले मराठी कागदही सांभाळून आहे. जाताना कॉलेजचं पत्र, ओळखपत्र आणि पेन्सिल घ्या. जुन्या कागदाजवळ पेन नको. अशी एक जुनी वही मी पहिल्यांदा पाहिली, तेव्हा शाईतल्या लोखंडाने अक्षरांच्या जागचा कागदच खाल्ला होता. पान उजेडासमोर धरलं तर जाळी. शेजारच्या टेबलावर एक बाई त्यावर पारदर्शक कागदाची पट्टी बसवत होत्या, श्वास रोखून. तासाभरात अर्धं पान झालं. हे बघताना जीव कंटाळला तर वाईट वाटून घेऊ नका, तेही तुमचं उत्तरच आहे. पण वेळेचं भान सुटलं, तर त्याच आठवड्यात मोडी शिकायला घ्या, रोज एक पान. जोडीला पोर्तुगीज. या दोन्ही वाचणारी माणसं मला आजवर फार थोडी भेटली, आणि कागद मात्र ढिगाने पडून आहेत.

पुढच्या शिक्षणाचा हिशेब वहीत मांडून ठेवा. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात अभिलेखांची एक वर्षाची पदविका आहे, ग्रेटर नोएडाला पुरातत्त्वाची दोन वर्षांची; दोन्हींना आधी एम.ए. हवं. ग्रंथपालाच्या वाटेने जायचं तर पदवीनंतर ग्रंथालयशास्त्राचं एक वर्ष, शाळेत शिकवायचं तर बी.एड.ची दोन. कॉलेजात शिकवायचं तर एम.ए.ला 55 टक्के आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा.

गाईड व्हावंसं वाटतं? मग घरी पाहुणे आले की त्यांना ओल्ड गोव्याला न्या. तिथली चर्चेस 1986 पासून जागतिक वारसा आहेत. अर्धा तास सनावळ्या न सांगता बोलून बघा. पाहुण्यांची नजर मोबाइलकडे वळली की समजा, गोष्ट अजून जमली नाही. परवाना नंतर पर्यटन खात्याकडून काढता येतो.

सरकारी नोकरीचा विचार असेल तर कोकणीकडे दुर्लक्ष नको. गोवा राज्याच्या जाहिरातींत कोकणी आवश्यक असते, मराठी येत असल्यास उत्तम. घरात मराठी बोलणाऱ्या मुलांनी कोकणी लिहायचा सराव आताच करावा. गुणपत्रिकांच्या प्रती आणि रोजगार विनिमय केंद्राचं कार्ड एका फाइलीत लावा. पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला मामलेदार कचेरीतून मिळतो, त्याचा अर्ज गणेश चवथीची सुट्टी संपताच द्या. माझा एक अर्ज तेवढ्या एका कागदापायी राहून गेला.