पुरुषांनी स्कर्ट घालायचा तर आधी माप नीट घ्या, स्टाइल नंतर

स्कर्ट घ्यायचा ठरला की रंग आणि प्रिंट बघण्याआधी टेप घ्या हातात. आणि टेप बेंबीच्या लेव्हलला लावा, जीन्स बसते तिथे नाही. आपण पँट बरीच खाली हाडांवर घालतो, तोच आकडा टाकून स्कर्ट मागवला की तो घसरत राहतो, मागून वर चढतो पुढून लोंबतो आणि मग माणूस ठरवून टाकतो की आपल्या अंगाला हे शोभतच नाही. अंगाचा काही दोष नसतो, माप चुकलेलं असतं. स्कॉटिश किल्टसुद्धा, म्हणजे तिथले पुरुष घालतात तो चुण्यांचा स्कर्ट, असाच वर, बेंबीपाशी बसतो आणि त्याची कड गुडघ्याच्या मध्यावर येते. पहिल्या स्कर्टला मी तीच लांबी सुचवेन. त्याहून लांब हवा असेल तर सरळ घोट्यापर्यंत जा, पोटरीच्या सगळ्यात जाड भागावर कड आली की पाय आखूड आणि जड दिसतात. लांबी बघताना जे बूट घालणार तेच पायात हवेत.

आता कटबद्दल, कारण बहुतेक जण इथेच अडकतात. बायकांच्या सेक्शनमधले स्कर्ट कंबर बारीक आणि खाली घेर जास्त असं धरून शिवलेले असतात, पुरुषांच्या कमरेत आणि सीटमध्ये तेवढा फरक नसतो, त्यामुळे कंबर बसली तरी बाजूला कापड फुगून राहतं. पेन्सिल स्कर्टमध्ये, म्हणजे अंगाला घट्ट बसणाऱ्या सरळ स्कर्टमध्ये, हे फार दिसतं, तो पहिल्यांदा नकोच. ए-लाइन (खाली हळूहळू रुंद होणारा) घ्या, प्लीट्सवाला (चुण्यांचा) घ्या किंवा रॅप (कमरेभोवती गुंडाळून बांधायचा) घ्या, रॅपमध्ये कंबर हवी तशी अॅडजस्ट होते. आणि साइजचं लेबल बघूच नका, इंच किंवा सेंटीमीटर बघा.

कापड जरा वजनदार हवं. डेनिम, ट्विल, लोकर, जाड लिनन, हे सगळं चालताना छान पडतं आणि वाऱ्याने लगेच उडत नाही. पातळ सिंथेटिक पायाला चिकटतं, तसलं आवडलंच तर अस्तर असलेलं घ्या. रॅप स्कर्टच्या कोपऱ्याला पिन लावणार असाल तर फक्त वरच्या पदरालाच लावा, किल्टलाही तशीच लावतात, दोन्ही थर एकत्र टोचले की पाऊल टाकताना कापड ओढलं जाऊन फाटतं.

बाकीचे कपडे? रोजचेच ठेवा. प्लेन टीशर्ट किंवा शर्ट, खोचलेला, म्हणजे कंबर दिसते आणि स्कर्टचा आकार कळतो. जॅकेट आखूड, कमरेपर्यंतच. पायात बूट थोडे जाड सोलचे, कारण खालचा घेर मोठा आणि बूट नाजूक असले की सगळा तोल वर जातो. गुडघ्यापर्यंतच्या स्कर्टला लांब मोजे मस्त दिसतात. खिसे नसतील तर क्रॉसबॉडी बॅग घ्या, फोनचं वजन कमरपट्ट्यात अडकवू नका, स्कर्ट एका बाजूला कलतो.

आतून मांडीपर्यंतची घट्ट शॉर्ट्स घालाच! मांड्या घासत नाहीत आणि जिना, सायकल, वारा कशाचंच टेन्शन राहत नाही. बसताना मागचा घेर हाताने खाली सारून बसायचं, गुडघे जवळ. घरात दोन चार दिवस घालून वावरलात की हे आपोआप जमतं.

लोक बघतील का, तर हो, बघतील. पण पुरुषाच्या अंगावर स्कर्ट ही काही काल आलेली गोष्ट नाही. फ्रेंच फॅशन डिझायनर जाँ पॉल गॉल्तिएने १९८५ च्या कलेक्शनमध्ये पुरुषांना स्कर्ट घातले होते, न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमने २००३ मध्ये या एकाच विषयावर प्रदर्शन भरवलं होतं. मला मनापासून वाटतं की तुम्हाला आवडतोय हे कारण पुरेसं आहे, कुणी विचारलं तर तेवढंच सांगा, खुलासे देत बसू नका. पहिल्यांदा बाहेर पडताना ओळखीचा मित्र सोबत असला तर बरं पडतं.

प्लीट्सवाला स्कर्ट धुण्याआधी लेबल वाचा, आणि घरी धुण्यासारखा असेल तर प्रत्येक प्लीट खालच्या कडेला कच्च्या टाक्याने धरून ठेवा, वाळल्यावर इस्त्री करून मगच टाके उसवा, नाहीतर परत प्लीट्स बसवायला अख्खी दुपार जाते.