स्वीडनमधली पहिली ओरिएंटिअरिंग शर्यत: डोकं ठिकाणावर कसं ठेवायचं

नोकरीसाठी किंवा शिकायला स्वीडनला आलेली मराठी मंडळी पहिल्याच उन्हाळ्यात विचारतात, "इथे ट्रेकला कुठे जायचं?" मी त्यांना जवळच्या ओरिएंटिअरिंग क्लबकडे पाठवते. ओरिएंटिअरिंग म्हणजे नकाशा आणि होकायंत्र घेऊन रानातल्या ठरलेल्या जागा क्रमाने गाठायची शर्यत. 1919 मध्ये अर्न्स्ट किलँडर या स्वीडिश लष्करी अधिकाऱ्याने स्टॉकहोमजवळ मोठी शर्यत भरवली आणि तिथून हा खेळ देशभर रुजला. खासगी मालकीच्या रानातसुद्धा पायी फिरायचा हक्क इथे सर्वांना आहे, त्यामुळे वसंतापासून पानगळीपर्यंत शनिवार-रविवारी कुठे ना कुठे शर्यत असतेच. बहुतेक ठिकाणी 'ओपन' वर्गात त्याच दिवशी जाऊन नाव देता येतं, आणि प्रत्येक जागी पोहोचल्याची वेळ नोंदवणारी चिप भाड्याने मिळते.

सह्याद्रीत वाढलेल्या माणसाचे पाय या रानाला घाबरत नाहीत. घोळ होतो तो सवयींचा. आपण मळलेली वाट धरतो, दगडावरचे बाण शोधतो, आणि चुकलोच तर गुरं घेऊन निघालेल्या एखाद्या मामांना विचारतो. इथे यातलं काहीच नाही. त्यात नकाशाचे रंगही उलटे वाटतात. भारतीय सर्वेक्षणाच्या नकाशावर हिरवं म्हणजे जंगल. ओरिएंटिअरिंगच्या नकाशावर पांढरं म्हणजे जंगल, तेही मोकळं, आरामात पळता येईल असं. हिरवा जितका गडद तितकी झाडी दाट, आणि सगळ्यांत गडद हिरव्यात शिरायचं म्हणजे फांद्यांशी झटापट. पिवळं म्हणजे उघडं माळरान किंवा शेत. ऑलिव्हसारखा पिवळट हिरवा दिसला तर तिथे पाऊल टाकायचं नाही, ते कोणाचं तरी घर-अंगण असतं. समोच्च रेषा सहसा पाच-पाच मीटरवर असतात. शिवाय आपण ट्रेकमध्ये ज्याची दखलही घेणार नाही असं पुरुषभर उंचीचं टेकाडही इथे नकाशावर सापडतं.

वर्ग निवडताना फुशारकी नको. इथे अवघडपणा रंगांवर ठरतो: हिरवा सर्वांत सोपा, मग पांढरा, पिवळा, नारिंगी, आणि त्यापुढे आणखी. पांढऱ्यात जवळजवळ सगळं पायवाटांच्या कडेने चालतं. मॅरेथॉन पळणाऱ्यांनीही तिथूनच सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे. शेजारी आठ वर्षांची पोरं पळत असतील, पळू देत.

गडबडीची सुरुवात स्टार्टवरच होते. घड्याळ सुरू झालं, हातात नकाशा आला, आणि बाकीचे पळाले की आपलेही पाय सुटतात. तसं करू नका. नकाशावर जांभळा त्रिकोण म्हणजे तुम्ही, वर्तुळं म्हणजे कंट्रोल, म्हणजे गाठायच्या जागा, दुहेरी वर्तुळ म्हणजे शेवट. आधी नकाशा फिरवून उत्तर दिशा जुळवा. हे नकाशे चुंबकीय उत्तरेलाच धरून काढलेले असतात, त्यामुळे होकायंत्राची लाल सुई नकाशावरच्या उत्तर-दक्षिण रेषांना समांतर आली की काम झालं, वेगळी वजाबाकी नाही. मग नकाशाची घडी घालून अंगठा आपण आहोत त्या जागी ठेवा. पुढे जाल तसा अंगठाही सरकवायचा. ही एवढीशी सवय लागली तरी थांबून-थांबून 'मी कुठे आहे?' शोधण्याची वेळ फार कमी येते.

नुसतं 'शांत राहा' म्हणून कोणी शांत होत नाही. पुढे काय दिसणार हे आधी ठाऊक असलं की मन आपोआप थाऱ्यावर राहतं. समजा तिसऱ्या कंट्रोलवरून चौथ्यावर जायचंय. नकाशा 1:10000, मधलं अंतर चार सेंटिमीटर, म्हणजे 400 मीटर. कंट्रोलच्या वर्णनात आहे: धोंडा, उत्तर बाजू. सरळ रेषेत गेलात तर निळ्या आडव्या रेघांची दलदल आणि पुढे गडद हिरवा पट्टा. उजवीकडून मात्र एक पायवाट जाते आणि एका जागी काटकोनात वळते. त्या वळणापासून धोंडा 80 मीटर, छोट्या टेकाडाच्या पायथ्याशी. टेकाडापलीकडे विजेच्या तारा गेल्यात.

आता बेत असा: पायवाटेवर खुशाल पळा, तिथे फारसं डोकं लागत नाही. वळणावर थांबा. होकायंत्राने दिशा धरा आणि तिथून चाला, पळू नका. चालताना एकच पाय मोजला तर 100 मीटरला साधारण 60 ते 65 पावलं पडतात, म्हणजे इथे पन्नासेक. ब्लूबेरीच्या झुडपांतून आणि शेवाळलेल्या दगडांवरून जाताना थोडी जास्त. उजव्या हाताला चढ दिसायला हवा. दिसला, की त्याच्या पायथ्याने धोंड्याकडे. डोक्यावर तारा आल्या तर समजायचं, पुढे आलो, मागे फिरा. हे सगळं तिसऱ्या कंट्रोलवरून निघण्याआधी ठरलेलं हवं. त्यात अर्धं मिनिट गेलं तर जाऊ दे. नवख्यांची पाच-दहा मिनिटं बुडतात ती शेवटच्या 80 मीटरांत, वळणावर न थांबता तसंच रानात घुसल्यामुळे.

कंट्रोलवरचा पांढरा-नारिंगी झेंडा दिसला की हरखून जायला होतं, पण तो दुसऱ्याच वर्गाचा असू शकतो. एकाच रानात अनेक वर्गांचे कंट्रोल विखुरलेले असतात. चिप लावण्याआधी कंट्रोलवरचा क्रमांक आपल्या यादीशी ताडून बघा. 47 हवा असताना 74 वर चिप लावून मजेत पुढे गेलेली माणसं दर शर्यतीत भेटतात. त्यांचा निकाल लागत नाही. चूक लगेच लक्षात आली तर मात्र योग्य कंट्रोल शोधून पुढे जाता येतं. तसंच दुसऱ्याच्या मागे पळण्याचं. तो कुठे निघालाय ते तुम्हाला माहीत नसतं, आणि कधीकधी त्यालाही नसतं.

हरवल्याची पहिली खूण म्हणजे आपण निसर्गाशी वाटाघाटी करू लागतो. नकाशात टेकाड आहे, समोर खोलगट भाग आहे, तरी मन म्हणतं, 'हेच असेल, नकाशा काढणाऱ्याने जरा चुकवलंय.' श्वास फुललेला असताना हा मोह फार होतो. नकाशा काढणाऱ्याने बहुधा चुकवलेलं नसतं. अशा वेळी पाय थांबले पाहिजेत. उत्तर दिशा जुळवा आणि स्वतःला विचारा: खात्रीने माहीत असलेली शेवटची जागा कुठली? तिथून किती वेळ, कोणत्या दिशेला आलो? आजूबाजूला ठळक काय आहे? एका खुणेवर विसंबू नका, दोन-तीन जुळल्या पाहिजेत. धोंडे या रानात पायलीला पन्नास. धोंडा, त्याच्या पूर्वेला दलदल आणि मागे कडा, असं त्रिकूट मात्र सहसा एकाच जागी सापडतं. तरीही जुळेना, तर शेवटच्या खात्रीच्या जागी परत जा किंवा जवळची लांबलचक गोष्ट गाठा: रस्ता, ओढा, तारा. मागे फिरणं जिवावर येतं, पण गोल-गोल फिरण्यापेक्षा ते जवळपास नेहमीच स्वस्त पडतं. 'ओपन' वर्गात कोणाला विचारलंत तरी कोणी डोळे वटारणार नाही. लोक थांबून नकाशावर बोट ठेवून दाखवतात.

एक नियम मोडायचा नाही: शर्यत अर्धवट सोडली तरी शर्यत संपते तिथल्या तंबूत जाऊन चिप वाचून घ्यायची. तुम्ही गुपचूप बस पकडून घरी गेलात तर आयोजक अंधार पडेपर्यंत तुम्हाला रानात शोधत बसतात. आणि घरी आल्यावर पायांवर गोचिड्या बघा. स्टॉकहोमच्या आसपास त्यांच्यामुळे मेंदूज्वराचा धोका असतो, त्यावरची लस इथले क्लबवाले आवर्जून घेतात.

चिप वाचली की प्रत्येक टप्प्याला लागलेल्या वेळेची चिठ्ठी मिळते. घड्याळातला जीपीएस उघडण्याआधी पेनने नकाशावर आपली वाट आठवून काढा. जिथे पेन अडखळतं तिथेच चिठ्ठीतला आकडा फुगलेला असतो. मग 'लाइव्हलॉक्स' या वेबसाइटवर इतरांच्या वाटा बघा. ऐंशीच्या पुढच्या वयाचेही वर्ग असतात, आणि त्यातल्या एखाद्या आजींची वाट बघण्यासारखी असते: वेग बेताचा, पण रेघ कुठेही वळसे घेत नाही.