मोबाईल रिपेअरिंग शिकायला निघालात? आधी फोन टॉवरशी कसा बोलतो ते समजून घ्या (सोलापूरचा अनुभव)

बरीच पोरं येऊन विचारतात की दादा रिपेअरिंग शिकायचंय, कोर्स कुठला करू, किती दिवसात जमतं. मी 2007 पासून ह्या कामात आहे, आधी नवी पेठेत एका उस्तादांकडं पाच वर्षं आणि मग स्वतःचं छोटं दुकान, त्यामुळं जे खरंच उपयोगी पडलं तेवढंच सांगतो.

उस्तादांनी मला पहिले तीन महिने हातात सोल्डरिंग गन दिली नव्हती. नोकिया 1100 चे बंद सेट पुढ्यात टाकायचे, खोल आणि परत जोड म्हणायचे, आणि जोडता जोडता विचारायचे, "काय बे, हा फोन टॉवरला सापडतो कसा ते सांग." मला तेव्हा लई राग यायचा, मला वाटायचं मी डिस्प्ले बदलायला शिकायला आलोय, टॉवरचं काय करायचंय. पण आज जे काही चार पैसे कमावतो ते त्या प्रश्नावरच.

फोन म्हंजे मुळात रेडिओ आहे, ऐकणारा पण आणि बोलणारा पण. 3 एप्रिल 1973 ला न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून मार्टिन कूपर ह्या मोटोरोलाच्या इंजिनिअरनं हातातल्या फोनवरून पहिला कॉल केला, तो पण स्पर्धेतल्या कंपनीच्या म्हंजे बेल लॅब्जच्या जोएल एंगेलला. विकायला फोन यायला पुढं 10 वर्षं लागली, 1983 चा डायनाटॅक, किंमत 3995 डॉलर आणि बोलायला मिळायचा जेमतेम अर्धा तास. आपल्याकडं पहिला कॉल 31 जुलै 1995 ला, कलकत्त्याहून बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीत तेव्हाचे दूरसंचार मंत्री सुखराम यांना केला. तेव्हा आलेल्या कॉलचे पण पैसे लागायचे, इनकमिंग फ्री झालं 2003 मध्ये, आणि त्यानंतरच आपल्या इथल्या कारखान्यातल्या कामगाराच्या, विडी वळणाऱ्या बाईच्या हातात फोन आला.

आता खरी गंमत कळून घ्या. हवेतल्या फ्रिक्वेन्सी मोजक्याच आहेत, मग शहरातली लाखो माणसं एकदम कशी बोलतात? शहराचे छोटे छोटे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याला कमी ताकदीचा टॉवर, म्हंजे अशोक चौकात वापरलेली फ्रिक्वेन्सी तिकडं जुळे सोलापुरात परत वापरता येते कारण तिथपर्यंत आवाज पोचतच नाही. ह्या तुकड्याला सेल म्हणतात, म्हणून सेलफोन. ही कल्पना बेल लॅब्जमध्ये 1947 लाच मांडली होती. तुम्ही रिक्षात बोलत चाललात की एक टॉवर तुम्हाला दुसऱ्याच्या हवाली करतो आणि बोलणं तुटत नाही.

गड्ड्याच्या म्हंजे आमच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत जानेवारीत हमखास फोन येतात, दादा कांडी (नेटवर्कची रेघ) फुल आहे पण कॉल लागेना, सेट खराब झाला का. सेटला काही झालेलं नसतं. कांड्या फक्त टॉवरचा आवाज किती जोरात येतोय ते दाखवतात, जागा रिकामी आहे का ते नाही. जीएसएम म्हंजे टूजी मध्ये एका फ्रिक्वेन्सीवर आठ जण पाळीपाळीनं बोलतात, आठ जणांची एक फेरी 4.615 मिलिसेकंदात होते. म्हंजे तुमचा फोन सेकंदाला जवळपास 217 वेळा बोलतो आणि गप्प बसतो. जुना फोन रेडिओजवळ ठेवला की रिंग वाजायच्या आधी स्पीकरमध्ये टिर्र टिर्र यायचं ते आठवतंय का, तोच हा 217 चा आवाज.

आणि रिपेअरिंगवाल्यानं हे का लक्षात ठेवायचं? कारण त्या प्रत्येक पाळीला पीए, म्हंजे पॉवर अँप्लिफायर, बॅटरीतून झटक्यात करंट ओढतो, टॉवर लांब असेल तर दोन अँपिअरच्या आसपास. गाणी वाजतात, टॉर्च लागतो, पण कॉल लावला की सेट बंद, अशी कंप्लेंट आली की नवीन पोरगं सरळ बोर्ड उघडतं. आधी बॅटरी बदलून बघा. थकलेल्या बॅटरीला हा झटका सोसत नाही, व्होल्टेज खाली बसतं आणि सेट झोपतो. तसंच नेटवर्क कमी असलेल्या गावात बॅटरी लवकर उतरते, कारण फोन लांबच्या टॉवरसाठी मोठ्यानं ओरडत असतो. मोहोळ, मंगळवेढ्याकडच्या वाडीवस्तीवरून गिऱ्हाईक येतं तेव्हा मी पहिलं विचारतो, घरी किती कांड्या असतात.

फोरजीचं गणित वेगळं आहे, ते मला आपल्या चादरीवरून समजलं. मागावर ताण्याचे शेकडो धागे शेजारी शेजारी असतात ना, तसे फोरजीत 20 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात 1200 बारीक धागे, प्रत्येक 15 किलोहर्ट्झचा, आणि टॉवर क्षणाक्षणाला ठरवतो कुठले धागे कुणाला द्यायचे. इथं आवाजाला वेगळी लाईन नाही, बोलणं पण डेटाच्या पुडक्यातून जातं, त्याला व्होल्टी म्हणतात. 5 सप्टेंबर 2016 ला जिओ सुरू झालं ते फक्त फोरजीवर, टूजी थ्रीजी नाहीच. तेव्हा दुकानात रांग लागली होती, सिम घेतलं पण जुना सेट ते घेतच नाही म्हणून. आज पण नेट चालतं पण कॉल लागत नाही म्हणून कुणी आलं तर बोर्डाला हीट (गरम हवा) द्यायच्या आधी सेटिंगमध्ये व्होल्टी चालू आहे का बघा, दोन मिनिटाचं काम असतं.

माझी एक चूक सांगतो, अजून मनात आहे. शिकून दोन वर्षं झाली होती, एका मावशींचा सेट दुरुस्तीला आला, नो नेटवर्क. मी सरळ पीए आयसीला (चिपला) हीट दिली, बदलला, नेटवर्क नाही, परत हीट दिली आणि शेजारचा सीपीयू, म्हंजे फोनचा मेंदू, हलला, सेट कायमचा डेड. त्यात त्यांच्या गेलेल्या मुलाचे फोटो होते. नंतर कळलं की अँटेनाची पत्ती वाकली होती, एवढंच. त्या काही बोलल्या नाहीत, तसाच फोन पिशवीत टाकून गेल्या. पैसे परत दिले पण त्यानं काय होतं. त्या दिवसापासून हात लावायच्या आधी डेटा किती महत्त्वाचा आहे ते मी विचारतोच.

म्हणून नेटवर्कचं काम असं करा. पहिलं सिम दुसऱ्या सेटमध्ये टाकून बघा. मग स्टार हॅश झिरो सिक्स हॅश दाबा, 15 आकडी आयएमईआय, म्हंजे सेटचा ओळख नंबर, आला पाहिजे, नाही आला तर गडबड सॉफ्टवेअरकडं किंवा बेसबँडकडं (नेटवर्क सांभाळणाऱ्या चिपकडं), पीएचा विषयच नाही. आयएमईआय आहे तर मॅन्युअल नेटवर्क सर्च करा. कंपन्यांची नावं दिसली म्हंजे फोन ऐकतोय, तरी रजिस्टर होईना तर बोलण्याच्या बाजूला, म्हंजे पीएकडं शंका घ्या. नावंच दिसेनात तर अँटेना, तिची पत्ती, केबल, तिथून सुरुवात.

डेड सेटला डीसी सप्लाय हाच खरा डॉक्टर, म्हंजे बॅटरीऐवजी करंट देणारं आणि तो किती जातो ते काट्यावर दाखवणारं मशीन. पॉवर बटण न दाबताच काटा चढला तर बॅटरीच्या मेन लाईनला शॉर्ट. बटण दाबल्यावर एकदम चढला तर पुढच्या कुठल्यातरी लाईनला शॉर्ट. हललाच नाही तर बटण, ट्रॅक, पॉवर आयसी तपासा. थोडा चढून एका जागी अडकला तर फोन उठायचा प्रयत्न करतोय पण बूट होईना. हे वाचायला मला सहा महिने लागले आणि व्हिडिओ बघून येत नाही, रोज बघावं लागतं.

सोलापूरची खास गोष्ट म्हंजे कापसाची धूळ. पॉवरलूमवर काम करणाऱ्याचा सेट चार्ज होत नसला तर बऱ्याच वेळा चार्जिंगच्या पिनमध्ये तंतू दाबून बसलेले असतात. लाकडी काडीनं हळूच काढा, टाचणी घालू नका, पिना वाकतात. आणि मे महिन्यात उन्हात, गाडीच्या डिकीत राहून फुगलेल्या बॅटऱ्या येतात, त्या दाबू नका, भोसकू नका, लिथियम आहे, पेट घेते.

कोर्सचं विचाराल तर ज्याला जमेल त्यानं आयटीआयचा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक करावा, दोन वर्षं जातात पण ओहमचा नियम हाडात बसतो. ज्याला घरची जबाबदारी आहे त्यानं चांगल्या दुकानात बसावं, पगार कमी असला तरी चालेल, पण मालक मीटर लावून काम करणारा बघा. सुरुवातीला महागडं मशीन घेऊ नका. चांगला मल्टिमीटर, डीसी सप्लाय, एक एसएमडी स्टेशन (गरम हवेनं आयसी काढायचं मशीन), फ्लक्स (सोल्डर नीट बसायला लावायची पेस्ट), आयपीए (बोर्ड पुसायचं अल्कोहोल) एवढं पुरे. भंगारवाल्याकडून डेड बोर्ड आणा आणि त्यावर हात बसवा. बिनशिशाचं सोल्डर (जोडायचा धातू) 217 डिग्रीच्या आसपास वितळतं, शिशाचं 183 ला, हा फरक भंगारातल्या बोर्डावर पन्नास आयसी काढून लावल्यावर बोटांना कळतो, गिऱ्हाइकाचा सेट त्यानंतर घ्या.