निदानाची घाई: चिंता, खाणं आणि व्यक्तिमत्त्वाचे विकार ओळखताना या चुका टाळा

मराठीत ‘निदान’ या शब्दाचा दुसरा अर्थ ‘कमीत कमी’ असा आहे, आणि मनाच्या आजारांत हे दोन्ही अर्थ एकमेकांना धरून चालतात. पॅनिक अटॅक (अचानक उसळणाऱ्या भीतीचा झटका) काही मिनिटांत शिगेला पोचतो. हायपोमेनिया (मूड आणि उत्साह नेहमीपेक्षा चढलेला राहणं) म्हणायला ती अवस्था निदान ४ दिवस टिकावी लागते. बुलिमियासाठी (भरमसाट खाऊन मग उलटी वगैरे करून त्याची भरपाई करण्याचा विकार) निदान ३ महिने, सततच्या चिंतेच्या विकारासाठी निदान ६ महिने आणि व्यक्तिमत्त्व विकारासाठी काही वर्षं मागे जाऊन पाहावं लागतं. पुढच्या बहुतेक चुका एकाच कारणाने होतात: एका दिवसाचं, एका भेटीचं चित्र पाहून आजाराला नाव देऊन मोकळं होणं.

“टेन्शन आहे का?” असं विचारणं

या प्रश्नाला दोनच उत्तरं मिळतात. “टेन्शन कुणाला नाही?” किंवा “छे, घरी सगळं छान आहे.” दोन्हींतून हाती काही लागत नाही. आपल्याकडे चिंता शरीराच्या भाषेत सांगितली जाते: पोटात गोळा येतो, गॅस डोक्यात चढतो, मान आखडते, हातापायांना मुंग्या येतात, जीव घाबरा होतो. मग अ‍ॅसिडिटीची गोळी, बी-१२ची इंजेक्शनं, सोनोग्राफी असा फेरा सुरू होतो आणि वर्ष निघून जातं.

विचारावं ते नेमकं. अंथरुणावर पडल्यावर झोप लागायला किती वेळ लागतो? एक काळजी मिटली की दुसरी तिच्या जागी येऊन बसते का? थांबवायची म्हटली तर थांबते का? सततच्या चिंतेच्या विकारात ६ महिने, बहुतेक दिवस, आवरता न येणारी काळजी असते आणि तिच्यासोबत ६ पैकी निदान ३ लक्षणं असतात: अस्वस्थपणा, लवकर थकवा, लक्ष न लागणं, चिडचिड, स्नायू आखडणं, झोप बिघडणं. लहान मुलांत एकही पुरतं. शिवाय त्यामुळे रोजच्या कामात अडथळा येत असला पाहिजे.

चिंता मोजणाऱ्या जीएडी-७ या चाचणीचा आता मोबाइलवर सुळसुळाट आहे. ७ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २१. १० किंवा जास्त गुण म्हणजे ‘नीट तपासून घ्या’, एवढाच त्याचा अर्थ. ही चाचणी फक्त गेल्या २ आठवड्यांबद्दल विचारते. बारावीच्या परीक्षेच्या पंधरवड्यात किंवा थायरॉइड वाढलेलं असताना भरली, तर १० गुण सहज होतात. त्या आकड्यावरून आजाराचं नाव ठरवू नये.

आणखी एक गोष्ट, जी कुठल्याच चाचणीत लिहिलेली नसते. सासूबाई शेजारच्या खुर्चीत बसलेल्या असताना सूनबाईला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं धरू नयेत. निदान दहा मिनिटं तरी एकटीशी बोलावं.

छातीतली धडधड: दोन्हीकडून होणारी चूक

पहिली चूक म्हणजे धडधडीला सरळ ‘पॅनिक’ म्हणणं. छातीत पहिल्यांदाच दुखत असेल, वय चाळिशीच्या पुढे असेल, मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर आधी रुग्णालय आणि ईसीजी. बायकांत आणि मधुमेहींत हृदयविकाराचा झटका नुसता दम लागणं, घाम, मळमळ अशा रूपातही येतो. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याला घाम फुटून धडधडत असेल, तर त्याच क्षणी ग्लुकोमीटर लावावा. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल, तर आधी साखर द्यायची, मानसशास्त्र नंतर.

बाकी तपासण्या फार नाहीत: टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी), हिमोग्लोबिन, साखर, ईसीजी. आणि औषधांची पिशवी उघडून पाहणं. दम्याचा सल्ब्युटामॉल पंप, सर्दीवरच्या नाक मोकळं करणाऱ्या गोळ्या, स्टेरॉइड, दिवसाचे आठ कप चहा, रोजची दारू अचानक बंद होणं, या सगळ्यांतून हुबेहूब चिंतेसारखं चित्र उभं राहतं.

उलट बाजूची चूक म्हणजे ईसीजी, टूडी इको, स्ट्रेस टेस्ट सगळं नॉर्मल येऊनही दर महिन्याला नव्या डॉक्टरांकडे नव्याने सुरुवात करणं. “तुम्हाला काही झालेलं नाही” हे वाक्य इथे घात करतं. माणसाला झालेलं असतंच, फक्त ते हृदयात नसतं.

शिवाय पॅनिक अटॅक आला म्हणजे पॅनिक विकार झाला असं होत नाही. अटॅक नैराश्यात येतो, फोबियात येतो, एखाद्याला आयुष्यात एकदाच येतो. विकार म्हणायला अटॅक अवचित, पुन्हा पुन्हा यावे लागतात आणि त्यानंतर निदान महिनाभर ‘पुन्हा येईल’ ही धास्ती किंवा त्यापायी बदललेलं वागणं दिसावं लागतं: लोकल टाळणं, एकट्याने बाहेर न पडणं, खिशात पाण्याची बाटली आणि गोळी असल्याशिवाय पाऊल न उचलणं. हे टाळणं विचारलं नाही, तर अर्धा आजार नजरेआड राहतो.

गोळीने बरं वाटलं, म्हणजे निदान बरोबर

अल्प्राझोलाम ही शांत करणारी गोळी घेतल्यावर कुणालाही शांत वाटतं, चिंतेचा विकार असो वा नसो. त्यावरून काहीही सिद्ध होत नाही. उलट काही आठवडे रोज घेतल्यावर दोन गोळ्यांच्या मधल्या वेळेत गोळीचा अंमल उतरतो, आणि त्या उतरणीची थरथर, धडधड, निद्रानाश मूळ आजारच वाढल्यासारखा दिसतो. मग डोस वाढतो. अशा माणसाचं नव्याने निदान करताना गोळी केव्हापासून, किती, किती वाजता हे आधी लिहून घ्यावं. ती घरच्या घरी एकदम बंद करू नये, फिट येऊ शकते.

चिंतेवरच्या मुख्य औषधांची गंमत उलटी. एसएसआरआय गटातल्या गोळ्यांचा गुण यायला २ ते ६ आठवडे लागतात आणि पहिल्या आठवड्यात अस्वस्थपणा थोडा वाढूही शकतो. पाचव्या दिवशी ‘लागू पडलं नाही’ म्हणून निदान बदलणं ही नेहमीची घाई आहे.

वजनकाट्याने खाण्याचे विकार शोधणं

इथे जरा थांबावं लागेल, कारण आपल्याकडे सर्वांत जास्त निसटतात ते हे विकार. ‘असले आजार परदेशातल्या मॉडेलना होतात’ ही समजूत त्याच्या मुळाशी आहे.

वजन नॉर्मल असलं म्हणजे आजार नाही, असं नसतं. बुलिमियात वजन बहुधा नॉर्मल असतं. आधी जाड असलेली मुलगी चार महिन्यांत झपाट्याने बारीक झाली, तर घरचे कौतुक करतात, पण तिच्या शरीराची अवस्था अ‍ॅनोरेक्सियातल्या रुग्णासारखीच धोक्याची असू शकते (अ‍ॅनोरेक्सिया म्हणजे खाणं घटवत नेऊन वजन धोक्याइतकं उतरण्याचा आजार). वजन आज किती आहे यापेक्षा किती वेगाने उतरलं ते पाहावं. पाळी चालू आहे म्हणून अ‍ॅनोरेक्सिया नाही, हेही जुनं झालं. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निकषांतून पाळी बंद होण्याची अट २०१३ मध्येच काढली गेली.

‘जाड होण्याची भीती’ शोधत बसणं हीसुद्धा चूक. भारतातल्या बऱ्याच रुग्ण मुली ती बोलून दाखवत नाहीत. त्या म्हणतात, “पोट भरल्यासारखं वाटतं, दोन घासांत गच्च होतं, भूकच लागत नाही.” त्यामुळे आधी जंताचं औषध, मग एंडोस्कोपी होते. क्षयरोग, थायरॉइड, मधुमेह, सीलिअ‍ॅक (गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणारा आतड्याचा आजार) हे तपासलंच पाहिजे, आपल्याकडे क्षयरोग तर नक्कीच. पण ते नाही असं ठरल्यावर शोध थांबवू नये.

उपवासाचं निमित्त ओळखायला घरातल्या माणसांइतकं चांगलं कुणी नाही. आपल्या उपवासाला साबुदाण्याची खिचडी, वरईचे तांदूळ, शेंगदाण्याची आमटी होते. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी असे उपवास वाढत जातात, पण मुलगी त्या खिचडीलाही हात लावत नाही. उपवास सुटतो त्या दिवशीही जेवत नाही. किंवा रात्री सगळे झोपल्यावर डबे रिकामे होतात आणि नंतर बाथरूमचा नळ बराच वेळ चालू राहतो. हा व्रताचा भाग नाही. चातुर्मास पाळणारी आजी मात्र दिवाळीत आनंदाने चकली खाते, तिला आजारी ठरवू नये.

अंगावरच्या खुणा शोधाव्यात. बोटांच्या सांध्यांवर, हाताच्या पाठीकडे घट्टे किंवा ओरखडे. वरच्या पुढच्या दातांची आतली बाजू झिजलेली. ही खूण पुष्कळदा दंतवैद्याला पहिल्यांदा दिसते. दोन्ही गालांच्या मागे गालगुंडासारखी, पण न दुखणारी सूज. अंगावर बारीक लव, उन्हाळ्यातही स्वेटर. दिवसा जागेपणी नाडी ५०च्या खाली असेल, किंवा झोपलेल्या स्थितीतून उभं राहिल्यावर वरचा रक्तदाब २०ने उतरत असेल, तर मानसोपचाराच्या तारखेची वाट पाहू नये, त्याच दिवशी रुग्णालयात दाखवावं. आणि रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून निर्धास्त होऊ नये. शरीर बरेच दिवस आकडे सांभाळून धरतं, पोटॅशियम घसरतं तेव्हा हृदयाची लय अचानक बिघडते.

बुलिमियासाठी खाण्याचे झटके आणि त्यानंतरची भरपाई (उलटी, जुलाबाच्या गोळ्या, उपाशी राहणं, अति व्यायाम) आठवड्यातून सरासरी एकदा, ३ महिने, एवढं पुरतं. भरपाई न करता फक्त झटके येत असतील, तर तो बिंज ईटिंग विकार. लग्नाच्या पंगतीत चार जिलब्या जास्त खाणं म्हणजे झटका नव्हे. झटक्यात थोड्या वेळात कुणालाही जास्त वाटेल इतकं खाल्लं जातं आणि हात थांबत नाही.

मुलगे वेगळे दिसतात. त्यांचं लक्ष बारीक होण्यापेक्षा ‘कट्स’वर असतं: भात-पोळी बंद, मोजून उकडलेली अंडी, दोन वेळा जिम, घरच्या समारंभाला दांडी. माती, खडू, कच्चे तांदूळ खाणं महिनाभर चाललं तर तो पिका नावाचा विकार. त्यात फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आधी तपासावं, कारण हिमोग्लोबिन ठीक असूनही लोह आटलेलं असू शकतं. इन्सुलिनवरच्या मधुमेही मुलीची साखर वारंवार कारण न सापडता वाढत असेल, तर वजन उतरावं म्हणून इन्सुलिन चुकवलं जातंय का, हे हळुवारपणे विचारावं.

निदान झाल्यावरची सर्वांत धोक्याची चूक प्रेमापोटी होते. कित्येक दिवस जवळजवळ उपाशी असलेल्या मुलीसमोर शिरा, तूप-भात, लाडू एकदम मांडले जातात. अचानक पिष्टमय अन्न पोटात गेलं की रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने खाली जातं, हृदय आणि श्वास अडचणीत येतात, जीवही जाऊ शकतो. १० दिवसांहून जास्त काळ नगण्य खाणं, ३ ते ६ महिन्यांत १५ टक्क्यांहून जास्त वजन उतरणं किंवा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) १६च्या खाली असणं, यांपैकी एकही असेल तर आहार डॉक्टरांच्या देखरेखीखालीच, आधी थायमिन (जीवनसत्त्व बी-१) देऊन, हळूहळू वाढवायचा.

‘स्वभावच तसा’ आणि ‘बॉर्डरलाइनच आहे ती’

पहिलं वाक्य आजार झाकतं, दुसरं शिवीसारखं वापरलं जातं.

बॉर्डरलाइन (भावना आणि नाती सतत अस्थिर राहणारा व्यक्तिमत्त्व विकार) आणि बायपोलर (मूड दीर्घ काळ चढण्या-उतरण्याचा आजार) यांची अदलाबदल रोज होते. फरक घड्याळात सापडतो. बॉर्डरलाइनमध्ये मूड काही तासांत पालटतो आणि बहुधा नात्यातल्या एखाद्या ठिणगीने: मेसेजला उत्तर आलं नाही, मैत्रीण दुसरीसोबत जेवायला गेली. मेनियाला (मूड आणि उत्साह बेफाम चढण्याला) निदान ७ दिवस, हायपोमेनियाला ४, आणि त्यात झोपेची गरजच कमी होते. तीन तास झोपून माणूस ताजातवाना उठतो. झोप येत नाही म्हणून तळमळणं वेगळं. हा एक प्रश्न नीट विचारला तरी पुष्कळ गोंधळ मिटतो. दोन्ही आजार एकत्रही असू शकतात, हे मात्र विसरू नये.

अमेरिकन पद्धतीत बॉर्डरलाइनसाठी ९ पैकी ५ निकष लागतात. गणित केलं तर २५६ वेगवेगळ्या जुळण्या होतात. एकाच नावाच्या दोन रुग्णांत फक्त एक लक्षण सारखं असू शकतं, म्हणून इंटरनेटवरची यादी शेजारणीला लावून पाहू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या, २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीने तर व्यक्तिमत्त्व विकारांचे बहुतेक जुने प्रकारच काढून टाकले. आता आधी तीव्रता ठरवायची: सौम्य, मध्यम, तीव्र. मग गुणविशेष नोंदवायचे. त्रास २ वर्षं किंवा जास्त टिकलेला असावा लागतो.

ऐन नैराश्यात व्यक्तिमत्त्वावर शिक्का मारू नये. नैराश्यात माणूस परावलंबी, संशयी, चिडका दिसतो. तीन महिन्यांनी ढग सरले की तोच माणूस वेगळा भेटतो. अशा वेळी आईला किंवा जुन्या मित्राला विचारावं, “हा विशीत कसा होता?” पन्नाशीनंतर स्वभाव नव्यानेच बदलला, शांत माणूस अचानक उर्मट किंवा बेफिकीर झाला, तर व्यक्तिमत्त्व विकाराचा विचार बाजूला ठेवून मेंदूची तपासणी करावी. समाजविघातक व्यक्तिमत्त्वाचं निदान १८ वर्षांखाली करताच येत नाही.

मसाल्याचे डबे ओळीत लावणाऱ्याला ‘ओसीडी’ (नकोसे विचार आणि त्यापायीच्या कृती पुन्हा पुन्हा होण्याचा आजार) म्हणण्याची टूम आहे. ओसीडीच्या रुग्णाला ते विचार नकोसे असतात, तो त्यांनी बेजार असतो. अतिकाटेकोर व्यक्तिमत्त्वाला आपलंच बरोबर वाटतं. बेजार घरचे असतात.

आंतरजातीय लग्न करणं, देवावर विश्वास नसणं, घर सोडून वेगळं राहणं, यांवरून आजार ठरवता येत नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ३ मध्ये हे स्पष्ट लिहिलं आहे. ‘हिला वेड लागलंय’ म्हणून मुलीला दवाखान्यात घेऊन येणाऱ्या पालकांनाही ते दाखवावं लागतं.

भेटीआधीचे दोन आठवडे

दुधाचा हिशेब ज्या कॅलेंडरवर लिहितात, त्यावरच चार खुणा केल्या तरी चालतात: झोपेचे तास, अटॅकची वेळ आणि किती मिनिटं, जेवण किती वाजता आणि कुणासोबत, मूड कधी आणि कशानंतर पालटला. जेवणाच्या नोंदीत कॅलरी आणि वजन लिहू नये, खाण्याच्या विकारात त्याने आजार वाढतो. सोबत सगळ्या गोळ्यांची पाकिटं, आयुर्वेदिक आणि ‘वजन घटवणारी’ चूर्णंसुद्धा न्यावीत, आणि जुने टीएसएच, ईसीजीचे कागद.

मरणाचे विचार येतात का, हे स्पष्ट शब्दांत विचारावं. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं, तर माणसाला एकटं सोडू नये आणि टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. तो मोफत आहे, रात्रीही चालतो आणि मराठीत बोलता येतं. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे शासकीय प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीला. तिथे बाह्यरुग्ण विभाग असतो, आणि नुसतं दाखवायला गेलं म्हणून कुणी भरती करून घेत नाही.