बुडबुड्याला केंद्रक म्हणू नका: पेशी, जंतू आणि प्रतिकारशक्ती शिकताना या चुका टाळा

कांद्याच्या पापुद्र्याची स्लाइड हा शाळेतला सगळ्यात सोपा प्रयोग समजला जातो, आणि चुकाही तिथेच भरपूर होतात. दरवर्षी कुणीतरी सूक्ष्मदर्शकातून डोकं वर काढून "मॅडम, केंद्रक दिसलं!" म्हणून ओरडतं. जाऊन बघावं तर जाड काळ्या कडेचं, कंपासनं काढल्यासारखं वर्तुळ. हवेचा बुडबुडा. तोवर वहीत त्याला बाण काढून नावही देऊन झालेलं असतं.

ओळखायला सोपं आहे. कांद्याच्या पेशी विटांच्या भिंतीसारख्या एकमेकींना चिकटलेल्या, लांबट दिसतात. बुडबुडा अगदी गोल असतो आणि फोकसचा स्क्रू जरासा फिरवला की त्याची कड जाड-बारीक होते. तो येतो कव्हरस्लिप वरून धपकन टाकल्यामुळे. तिची एक कड पाण्याच्या थेंबाला टेकवा, दुसरी सुईवर धरा आणि सुई हळूहळू खाली घ्या. हवा बाजूनं निघून जाते. पापुद्रा कांद्याच्या मांसल पाकळीच्या आतल्या बाजूचा घ्या आणि चिमट्यानं सोलल्याबरोबर पाण्यात सोडा. हातात धरून गप्पा मारत बसलात तर तो वाळतो, दुमडतो, आणि मग दोन थर एकावर एक दिसून पेशींची जाळी होते. आयोडीन एकच थेंब, आणि मिनिटभर दम धरा. पिवळसर तपकिरी केंद्रक बहुतेक वेळा पेशीच्या कडेला सापडेल, कारण मधली जागा मोठ्या रिक्तिकेनं (पेशीतल्या द्रवानं भरलेल्या पिशवीनं) अडवलेली असते.

आता आकृती. निम्म्या वह्यांमध्ये कांद्याच्या पेशीत हिरव्या पेन्सिलीनं हरितलवकं रंगवलेली असतात. का, तर "वनस्पतीपेशीत हरितलवकं असतात" हे पाठ आहे. अहो, पण आपण जो कांदा खातो तो जमिनीत वाढतो, त्याला ऊन लागत नाही, त्याच्या पाकळ्या हिरव्या नसतात. मग हरितलवकं कुठून येणार? तंतुकणिकांचंही (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागांचंही) तेच. शाळेच्या सूक्ष्मदर्शकातून त्या दिसत नाहीत, तरी 'निरीक्षण' या मथळ्याखाली त्या दिमाखात बसलेल्या असतात. निरीक्षणाच्या आकृतीत जे दिसलं तेच काढायचं. मी इथे गुण कापते आणि पालकांशी वाद घालायचीही माझी तयारी असते. जाता जाता: १० चा नेत्रभिंगाचा आकडा आणि ४५ चा वस्तुभिंगाचा यांचा गुणाकार करायचा. विशालन ४५० पट, ५५ नव्हे.

ताकाच्या थेंबातली चूक जास्त गोड आहे. स्लाइडवर बारीक ठिपके थरथरताना दिसतात आणि वर्गात "जिवाणू पळतायत" अशी बातमी पसरते. ते चमकदार गोल ठिपके बहुतेक वेळा स्निग्धाचे असतात आणि पाण्याच्या रेणूंचे धक्के बसून हलतात. रॉबर्ट ब्राउन यांनी १८२७ मध्ये परागकणांमधले कण असेच पाण्यात हलताना पाहिले होते. केंद्रकाला नाव देणारे ब्राउन तेच, १८३१ सालचे. जागच्या जागी थरथरणं म्हणजे जिवंतपणा नव्हे. दह्यातले जिवाणू बघायचे असतील तर मिथिलीन ब्ल्यूनं रंगवा आणि काड्या शोधा. सोबत मण्यांच्या माळेसारखे गोल जिवाणूही दिसतील, कारण दही काही एकट्या लॅक्टोबॅसिलसचं, म्हणजे त्या काड्यांचं, काम नाही.

'प्रति'च्या तीन भावंडांचा घोळ

प्रतिजन, प्रतिपिंड, प्रतिजैविक. उत्तरपत्रिकेत यांची अदलाबदल झाली की पुढचं सगळं उत्तर उलटं होतं. मी मुलांना एकच प्रश्न विचारायला सांगते: हे कुणाचं? प्रतिजन पाहुण्याचा, म्हणजे जंतूच्या अंगावरची खूण, जी बघून आपलं शरीर सावध होतं. प्रतिपिंड आपलं, बी-पेशींपासून (एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींपासून) तयार होणारं, त्या खुणेवर नेमकं बसणारं प्रथिन. प्रतिजैविक हे औषध, पेनिसिलिनसारखं, मूळचं बुरशीचं किंवा जिवाणूचं. शरीर ते बनवत नाही.

हा घोळ वर्गापुरता राहत नाही. "साप चावल्यावरची लस" हा शब्द तुम्हीही वापरला असेल. ती लस नाही. घोड्याला सापाचं विष अगदी थोड्या थोड्या मात्रेत टोचतात, घोड्याचं शरीर प्रतिपिंडं बनवतं, आणि त्याच्या रक्तद्रवातून ती काढून रुग्णाला देतात. आपल्याकडे मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर चालतं. म्हणजे दुसऱ्याच्या घरचा तयार स्वयंपाक. लस म्हणजे शिधा: करायचं आपणच. १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, तिच्यात मारलेले प्लेगचे जिवाणू होते. मेलेल्या जिवाणूंनी प्लेग होत नाही, पण त्यांच्या अंगावरचे प्रतिजन शिल्लक असतात आणि शरीराला तेवढं पुरतं. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची.

कुत्रा खोल चावला की दवाखान्यात दोन्ही देतात ते यामुळेच. जखमेत तयार प्रतिपिंडं भरतात आणि लसीचा कोर्सही सुरू करतात. लसीमुळे आपली प्रतिपिंडं बनायला आठवडा-दीड आठवडा लागतो, आणि तेवढा वेळ रेबीजच्या विषाणूला मोकळं रान देऊन चालत नाही. "इंजेक्शन घेतलं, आता काळजी नाही" असं पहिल्याच दिवशी म्हणून पुढचे डोस बुडवणं ही परीक्षेतल्या चुकीपेक्षा फार महाग चूक आहे.

डेंग्यूच्या रिपोर्टवरही हीच भावंडं भेटतात. एनएस१ ही विषाणूच्या प्रथिनाची, म्हणजे प्रतिजनाची तपासणी. ती तापाच्या सुरुवातीच्या दिवसांत उपयोगी. आयजीएम ही प्रतिपिंडांची, म्हणून उशिरा दिसणारी. सातव्या दिवशी केलेली एनएस१ निगेटिव्ह आली म्हणून "डेंग्यू नाहीच" असं घरीच ठरवू नका. तपासणी कितव्या दिवशी झाली ते डॉक्टरांना सांगा.

भिंत कुणाला आहे?

प्राणीपेशीला पेशीभित्तिका काढण्याची चूक किरकोळ वाटते. पण भिंत कुणाला आहे आणि कुणाला नाही, यावरच सगळं पेनिसिलिन उभं आहे. पेनिसिलिन जिवाणूची भिंत बांधू देत नाही. वाढता जिवाणू मग फुटतो. आपल्या पेशींना भिंतच नाही, म्हणून त्यांना झळ लागत नाही. आणि विषाणूला? त्याला भिंत नाही, स्वतःची पेशीही नाही. म्हणून साध्या सर्दीवर प्रतिजैविक मागणं म्हणजे नसलेल्या भिंतीवर हातोडा चालवणं.

"सारखं घेतलं की शरीराला औषधाची सवय होते" हे वाक्य मी दरवर्षी खोडते. सवय शरीराला होत नाही. जंतूंमध्ये मुळातच एखादा चिवट असतो. औषधानं बाकीचे मरतात, हा उरतो आणि मोकळ्या जागेत वाढतो. ई. कोलाय हा आतड्यातला जिवाणू चांगल्या परिस्थितीत २० मिनिटांत दुप्पट होतो. संध्याकाळपर्यंतचा हिशेब स्वतःच करून बघा.

आणखी किरकोळ चुका, पण गुण जातात. मलेरियाचा 'विषाणू' नसतो. तो प्लाझमोडियम या आदिजीवामुळे, म्हणजे एकपेशीय जीवामुळे होतो, आणि त्याला केंद्रकही आहे. उलट आपल्या प्रौढ तांबड्या पेशीत ते नसतं, तरी आकृतीत मध्ये ठिपका काढलेला असतोच (मधली जागा खोलगट असते म्हणून फिकट दिसते). जिवाणूचा रायबोझोम (पेशीत प्रथिनं बनवणारा कण) ५०एस आणि ३०एस मिळून ७०एसच होतो. एकानं ती छपाईची चूक समजून पुस्तकात ८० केलं होतं. 'एस' हे वजन नव्हे, द्रवात खाली बसण्याच्या वेगावरून काढलेलं माप आहे, त्याची बेरीज करायची नसते.

रिपोर्टात पांढऱ्या पेशी वाढल्या म्हणजे 'प्रतिकारशक्ती वाढली' असंही नाही. बहुतेक वेळा कुठेतरी लढाई चालू आहे एवढाच त्याचा अर्थ.

गेल्या वर्षी एका मुलानं विचारलं, "मॅडम, काटा पायात रुतला, मग गाठ जांघेत का आली?" मागच्या बाकावरून उत्तर आलं, "अवधाण आलंय, आजी म्हणते." आजीचा शब्द बरोबर होता. पायाकडची लसीका, म्हणजे ऊतींतून पाझरणारा पातळ द्रव, जांघेतल्या गाठींमधून गाळून पुढे जाते, तिथे गाठीतल्या पांढऱ्या पेशींना काट्याबरोबर आलेल्या जंतूंचा प्रतिजन भेटतो, त्या भराभर वाढतात आणि गाठ सुजते. त्या दिवशी तो मुलगा लंगडत फळ्यापाशी आला आणि पायापासून जांघेपर्यंतचा बाण त्यानंच काढला. गाठीच्या जागी मात्र नाव लिहिलं 'प्रतिजैविक'.