दुकानातल्या पीसीचा अ‍ॅडमिन पासवर्ड सगळ्यांना माहितीये? मग आधी हे करा

दादरला ओळखीच्यांचं डीटीपी-झेरॉक्सचं दुकान आहे, तीन पीसी आणि आलटून पालटून बसणारी चार पोरं. तिन्ही पीसीवर एकच अकाउंट, तेही अ‍ॅडमिन, म्हणजे पीसीत काहीही टाकायची-बदलायची मुभा असलेलं, आणि पासवर्ड मॉनिटरच्या खाली सेलोटेपने चिकटवलेला. ऐन लग्नसराईत कुणीतरी फुकटातला फॉन्ट कन्व्हर्टर टाकला, त्याच्यासोबत अजून काय काय आलं देव जाणे, पण पत्रिकांच्या फाइल्स उघडेनात. तेव्हा रविवारी बसून जे केलं ते सांगतो, विंडोज धरून.

आधी मालकाचं वेगळं अ‍ॅडमिन अकाउंट बनवा. त्यात एकदा लॉगिन करून बघा, चालतंय ना, आणि मगच जुन्या अकाउंटला हात लावा. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, तिथे अदर युजर्स, मग चेंज अकाउंट टाइप, आणि स्टँडर्ड युजर, म्हणजे ती मुभा नसलेला साधा वापरकर्ता, करून टाका. प्रत्येक पोराला स्वतःचं अकाउंट द्या, कॉमन नको, नाहीतर "मी नाही केलं" हेच चार जणांकडून ऐकायचं. झालं की कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे विंडोजला लेखी हुकूम द्यायच्या काळ्या खिडकीत, इंग्रजीत 'नेट लोकलग्रुप अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स' टाइप करा, अ‍ॅडमिन कोण कोण आहे त्याची यादी येते. त्यात 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' नावाचं विंडोजचं स्वतःचं अकाउंट दिसेल, घाबरू नका, व्हिस्टापासून ते बंदच असतं, फक्त कुणी चालू केलेलं नाही ना ते बघा.

यूएसीचा, म्हणजे मोठा बदल करण्याआधी विंडोज जी परवानगी विचारतं त्याचा, स्लायडर एकदम वर. पोरं कुरकुर करतील, करू द्या.

खरी गोची जुन्या बिलिंग सॉफ्टवेअरची, ते अ‍ॅडमिनशिवाय चालतच नाही आणि तिथेच माणूस कंटाळून पासवर्ड देऊन बसतो. बहुतेक वेळा त्याला फक्त स्वतःच्या फोल्डरमध्ये लिहायचं असतं, म्हणून त्या फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, आणि युजर्सना मॉडिफाय परमिशन द्या. आमचं यातच भागलं.

आता पेनड्राइव्ह. त्यावरून बूट केलं, म्हणजे पीसी पेनड्राइव्हवरूनच सुरू केला, की विंडोजचा पासवर्ड कितीही कडक असू दे, दहा मिनिटांत पुसता येतो. बायोसला, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या पीसीच्या मूळ सेटिंग्जना, पासवर्ड लावा, यूएसबी बूट बंद करा, आणि विंडोज प्रो असेल तर बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचं सगळं कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, चालू करा, म्हणजे डिस्क काढून दुसरीकडे लावली तरी काही वाचता येत नाही. त्याची ४८ आकडी रिकव्हरी की मात्र प्रिंट काढून घरी ठेवा, दुकानाच्या ड्रॉवरमध्ये नको, ती हरवली आणि पीसीने मागितली तर तुमचाच डेटा तुम्हाला मिळणार नाही.

पोरगा काम सोडून गेला की त्याच दिवशी त्याचं अकाउंट डिसेबल करा. डिलीट करायची घाई नको, त्याच्या डेस्कटॉपवर हमखास कुणाची तरी पत्रिका अर्धवट पडलेली असते.