जोडलेल्या टाक्यांना ऑटोमॅटिक पंप बसवताना फ्लोट कुठे लावावा

दोन टाक्या तळाशी पाइपने जोडल्या आहेत आणि पंपाचं पाणी एकीतच (पहिलीत) पडतं, असं धरतो. दोन्हींचे काठ एका पातळीत असू द्या, नाहीतर बुटकी आधी वाहते. झाकणाला हवेसाठी भोक ठेवा.

आता फ्लोट, म्हणजे पाण्याबरोबर वरखाली होऊन पंप बंद-सुरू करणारा तरंगता स्विच. ‘पाणी आपोआप समान पातळीला येतं, फ्लोट कुठेही सोडा’ हा सल्ला ऐकू नका. पातळी समान होते ती पंप थांबल्यावर. पंप चालू असताना पहिली टाकी पुढेच असते, कारण फरक असल्याशिवाय जोडपाइपातून पाणी सरकतच नाही. पंपाचा प्रवाह दुप्पट झाला, की हा फरक साधारण चौपट होतो.

मी आधी एकच फ्लोट पहिल्या टाकीत लावला होता. टाकी भरली, पंप थांबला, पाणी दुसरीकडे सरकलं, पातळी वीतभर उतरली, फ्लोट लोंबला, पंप पुन्हा सुरू. रात्रभर कॉन्टॅक्टरची (पंपाची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या विद्युत स्विचची) खटखट, सकाळी पॉइंट काळे पडलेले. फ्लोट दुसऱ्या टाकीत हलवला, तर ती भरेपर्यंत पहिली काठावरून वाहू लागली. टायमर हा यावरचा उपाय नव्हे. पाण्याचा वापर रोज सारखा नसतो.

फ्लोट दोनच हवेत. बंद करणारा पहिल्या टाकीत, वर. सुरू करणारा दुसऱ्या टाकीत, खाली. बंदचा फ्लोट कॉन्टॅक्टर ओढून धरणाऱ्या कॉइलच्या सिरीजमध्ये, सुरूचा कॉन्टॅक्टरच्या होल्डिंग कॉन्टॅक्टला (एकदा ओढलेला कॉन्टॅक्टर तसाच धरून ठेवणाऱ्या कॉन्टॅक्टला) पॅरलल.

उंची अंदाजाने ठरवू नका. सगळे नळ बंद करून पहिली टाकी भरा, पंप थांबवा आणि दोन्हीकडे पाणी स्थिर झालं की पहिलीतली पातळी किती उतरली ते टेपने मोजा. 20 सेंमी उतरली असेल, तर सुरूचा फ्लोट स्थिर पातळीपेक्षा निदान आणखी 20 सेंमी खाली हवा. मी 40 ठेवतो. पातळी फारच उतरत असेल, तर जोडपाइप जाड करा.

पंप जिथून पाणी खेचतो त्या खालच्या टाकीतला ड्राय रनचा (पाणी संपल्यावर पंप कोरडा चालू न देणारा) फ्लोट याच सिरीजमध्ये घ्या. पाण्यातले सगळे फ्लोट 24 व्होल्टवरच चालवा, याला अपवाद नाही.

शेवटी, दुसऱ्या टाकीतलं पाणी सुरूच्या फ्लोटच्या बरंच वर आलेलं आणि पंप चालू असताना बंदचा फ्लोट हाताने उचला. पंप थांबला पाहिजे, आणि फ्लोट सोडल्यावर पुन्हा सुरू होता कामा नये. झाला, तर होल्डिंगची वायर चुकली आहे.